हलक्या धातूचा भारी हिशेब

अमेरिकी काँग्रेसच्या वतीने सरकारी खर्चाची झडती घेणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल जगातील सर्वांत श्रीमंत नौदलास मान खाली घालावयास लावणारा होता. टिकोंडेरोगा वर्गातील सात जुन्या क्रूझर जहाजांचे आयुष्य वाढविण्यासाठी २०१५ पासून सुमारे ३७० कोटी डॉलर खर्ची पडले. त्यांपैकी चार जहाजे पुन्हा कामगिरीवर जाण्यापूर्वीच मोडीत काढावी लागली आणि त्या चारांवर झालेला १८४ कोटी डॉलरचा खर्च अक्षरशः पाण्यात गेला. नियोजनाचा अभाव, निकृष्ट काम आणि देखरेखीतील ढिलाई यांवर अहवालाने बोट ठेवले आहे आणि ते रास्तच आहे. परंतु या जहाजांच्या दुखण्यांना आणखी एक जुने कारण होते. ते कोणत्याही कंत्राटदाराच्या पदरात घालता येण्याजोगे नाही. ज्या धातूने त्यांचा वरचा डोलारा उभारला, त्या धातूच्याच पोटात ते दडलेले होते.

१९८३ ते १९९४ या काळात दाखल झालेल्या या वर्गातील २७ जहाजांचे डोलारे सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे होते. या डोलाऱ्यांवर तीन हजारांहून अधिक तडे नोंदले गेल्याची माहिती २०१० च्या सुमारास बाहेर आली. हे तडे शत्रूच्या तोफगोळ्यांनी पडले नव्हते की एखाद्या वादळानेही पडले नव्हते. ऊन, खारे पाणी आणि जोडकामाच्या वेळी धातूत राहून गेलेला ताण या तिघांनी मिळून कालांतराने ते पाडले. अमेरिकेच्या युद्धनौकांची ही कहाणी भारतीय वाचकाने केवळ कुतूहलापोटी वाचावी अशी नाही. याच कुळातील धातूच्या नौका भारताच्या किनाऱ्यावर आज गस्त घालीत आहेत, कोचीच्या खाडीत प्रवासी वाहून नेत आहेत आणि उद्या मुंबईच्या समुद्रातही येण्याची शक्यता आहे.

न गंजणारा धातू

महाराष्ट्रातील घराघरांत ज्याला ‘जर्मन’ म्हणतात, तो धातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. जर्मनच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचा कोळ रात्रभर ठेवू नये, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना सांगावे लागत नाही. आंबट आणि मीठ यांनी पातेल्याला बारीक छिद्रे पडतात, हे त्यांनी पाहिलेले असते. असे असूनही अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. या समजुतीला आधार नाही असे नव्हे. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटत जातो आणि आतील धातू पुन्हा उघडा पाडतो. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र हवेचा स्पर्श होताच ऑक्साइडचा एक थर धरतो. मीटरच्या अब्जांश भागांत मोजावा इतका पातळ असला तरी तो घट्ट बसतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरून येतो. धातूचे खरे संरक्षण हाच थर करतो. मिठातील क्लोराइड त्याला जागोजाग भेदते, तेव्हा छिद्रे पडतात. छिद्रे निदान डोळ्यांना दिसतात. ज्या रोगाचा येथे विचार करावयाचा आहे तो दिसत नाही, हीच त्याची खरी भीती आहे.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असते. त्याला बळ यावे म्हणून त्यात दुसरे धातू मिसळावे लागतात. विमानांसाठी जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळतात, तर नौकांसाठी मुख्यतः मॅग्नेशियम वापरतात. मॅग्नेशियमयुक्त पत्रा वेल्डिंगला सोपा जातो, समुद्राच्या पाण्यात चांगला टिकतो आणि पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचा असतो. इतक्या गुणांचा धातू नौकाशिल्पींना मोहात पाडणारच. अडचण अशी की, जितके मॅग्नेशियम अधिक तितके बळ अधिक, आणि नेमक्या तेथेच दोषाचे बीजही पडते.

साखरेच्या पाकात मावेल त्याहून अधिक साखर विरघळविली, तर तो पाक काही काळ स्वच्छ दिसतो आणि पुढे बरणीच्या कडेकडेने साखर धरू लागते. तीन टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅल्युमिनियमची स्थिती त्या पाकासारखीच असते. सूक्ष्मदर्शकाखाली धातू हा असंख्य स्फटिककणांचा बनलेला दिसतो, जशी विटांनी रचलेली भिंत. पत्रा वर्षानुवर्षे ५० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिला की, जास्तीचे मॅग्नेशियम हळूहळू बाहेर पडून विटांमधील सांध्यांत, म्हणजे कणांच्या सीमारेषांवर, एका वेगळ्या संयुगाच्या रूपाने जमते. धातुशास्त्रज्ञ म्हणतात की, पत्रा आता ‘हळवा’ झाला. हळव्या पत्र्याची जाडी तितकीच असते, चकाकी तितकीच असते आणि हातोडा मारला तर आवाजही तसाच येतो. परंतु सांध्यांत जमलेले ते संयुग खाऱ्या पाण्यात आधी विरघळते. विटा शाबूत राहतात आणि चुना मात्र धुऊन जातो.

तिघांचे संगनमत

चुना गेलेली भिंतही कोणी हात लावला नाही, तर काही काळ उभी राहते. तिला ओढणारे बळ मिळाले की ती फाटते. धातूच्या बाबतीत हे ओढणारे बळ म्हणजे ताण. ताण आणि क्षरण यांच्या संयोगाने पडणाऱ्या या तड्यांना ताणक्षरणाचे तडे म्हणता येईल. हळवा धातू, खारे पाणी आणि ताण या तिघांपैकी कोणताही एक बाजूला काढला, तर तडा पडत नाही. तिघे एकत्र आले की, धातू ज्या भारासाठी बांधला त्याच्या कितीतरी कमी भाराखाली तो चिरत जातो. चिरेच्या टोकाशी पाणी कोंडते आणि आम्ल बनते. त्या आम्लातून निघालेला हायड्रोजन धातूत शिरून त्याला अधिकच ठिसूळ करतो. बाहेरचा रंग बहुतांशी अभंग असताना आत हे काम चाललेले असते.

ताण हा केवळ लाटांचा किंवा वजनाचा नसतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. वेल्डिंग करताना वितळलेला धातू थंड होऊन आकसतो आणि शेजारच्या पत्र्याला कायमचा ओढून धरतो. वाकवून किंवा ठोकून बसविलेल्या भागातही असाच ताण कोंडून राहतो. म्हणूनच गोदीत निवांत उभ्या असलेल्या जहाजालाही तडा जाऊ शकतो. ‘नौका फारशी वापरलीच नाही, मग बिघडेल कशी?’ हा कारकुनी युक्तिवाद येथे उपयोगी पडत नाही.

या व्याधीची पहिली ठळक ओळख भारताच्याच भूमीवर झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या घोड्यांच्या पागांजवळ साठविलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत असत. बंदुकीत न भरलेले, कोणी न हाताळलेले काडतूस पेटीतच का फुटावे, याचा उलगडा लवकर झाला नाही. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केले, त्याने कोडे सुटले. पितळ ओढून काडतुसाचा आकार देताना त्यात ताण राहून जात होता, आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणाला येऊन मिळत होता. उपाय साधा निघाला. काडतूस घडविल्यावर माफक उष्णता देऊन त्यातील ताण मोकळा करावयाचा.

काडतुसे फुटली तर दारूगोळा वाया जातो, पूल फुटला तर माणसे जातात. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कोसळला आणि ४६ जण मृत्युमुखी पडले. त्या पोलादी पुलाच्या साखळीतील एका दांड्याच्या डोळ्यात जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती. ताणक्षरण आणि सततच्या भाराने येणारा थकवा यांनी ती चाळीस वर्षांत वाढविली होती. ती जेथे होती तेथे त्या काळच्या कोणत्याही तपासनिसाची नजर पोहोचणे शक्य नव्हते. एवढ्या लहान दोषाने एवढा मोठा पूल जावा, यातच या रोगाचे स्वरूप स्पष्ट होते. तो धातू झिजवीत नाही, त्याचा विश्वासघात करतो.

आगीची भीती, तड्यांचा विसर

टिकोंडेरोगा वर्गाच्या जहाजांना अ‍ॅल्युमिनियम का वापरले, याला सबळ कारण होते. त्यांचे बूड आधीच्या स्प्रूअन्स वर्गाच्या विनाशिकांवरून घेतलेले होते आणि त्याच बुडावर ‘एजिस’ या नव्या प्रणालीच्या अजस्र रडारांचा भार उंचावर चढवावयाचा होता. डोलारा पोलादाचा केला असता, तर जहाज डोईजड होऊन त्याची स्थिरता धोक्यात आली असती. हलक्या धातूने तो पेच सुटला. पेच सोडविणारे आणि त्याची किंमत मोजणारे मात्र वेगवेगळ्या पिढ्यांचे निघाले.

अ‍ॅल्युमिनियमवर त्या काळात टीका झाली नाही असे नाही, पण ती वेगळ्याच अंगाने झाली. २२ नोव्हेंबर १९७५ रोजी भूमध्य समुद्रात अमेरिकेची ‘बेल्कनॅप’ ही क्रूझर ‘जॉन एफ. केनेडी’ या विमानवाहू जहाजावर आदळली. पेटलेल्या इंधनाने बेल्कनॅपचा अ‍ॅल्युमिनियमचा डोलारा वितळून खाली बसला आणि दोन्ही जहाजांवर मिळून आठ जण दगावले. पुढे १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची ‘शेफील्ड’ ही विनाशिका जळाली, तेव्हा तिच्या अ‍ॅल्युमिनियमने घात केला असे वृत्तपत्रांतून सर्रास छापले गेले. वस्तुतः शेफील्डचा डोलारा पोलादी होता. अ‍ॅल्युमिनियमचा डोलारा होता तो त्याच युद्धात बुडालेल्या ‘आर्डेंट’ आणि ‘अँटेलोप’ या फ्रिगेटींचा. समज-गैरसमजांच्या या गदारोळातही एक निर्णय झाला. अमेरिकेने १९९१ मध्ये सेवेत आणलेल्या ‘आर्ले बर्क’ या पुढच्या विनाशिकेला पोलादी डोलारा दिला.

म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला नकार मिळाला तो आगीच्या भयाने. आग ही एका रात्रीत लागते, तिची छायाचित्रे निघतात, चौकशी समित्या बसतात. तडा वर्षाला काही मिलिमीटर सरकतो आणि त्याचे छायाचित्र कोणी पहिल्या पानावर छापत नाही. मॅग्नेशियमयुक्त पत्र्याचे दुखणे नौदलास १९६० च्या दशकापासून माहीत होते. त्या काळच्या गस्ती नौकांच्या पत्र्याचे पापुद्रे सुटू लागले, म्हणून पत्रा घडविण्याची पद्धतच बदलावी लागली होती. तरीही हे ज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात राहिले आणि जहाज खरेदी करणाऱ्यांच्या मेजापर्यंत पुरेसे पोहोचले नाही.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. वेगाच्या हव्यासाने अमेरिकी नौदल पुन्हा या धातूकडे वळले आणि २०१० मध्ये ‘इंडिपेंडन्स’ ही तीन बुडांची संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमची युद्धनौका सेवेत आली. चाळीस नॉटहून अधिक वेग हे तिचे भूषण होते. तिच्या वर्गातील एका जहाजावर २०१९ मध्ये तडे आढळले. २०२२ मध्ये उघड झाले की, वर्गातील जवळजवळ निम्म्या जहाजांवर ते आहेत आणि बाधित जहाजांनी १५ नॉटपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, अशी मर्यादा घालावी लागली आहे. या तड्यांचे कारण जास्त भाराच्या जागी असलेली रचनेतील उणीव हे सांगितले गेले. क्रूझर जहाजांच्या ताणक्षरणाशी ते एकरूप मानणे चुकीचे ठरेल. परंतु वेगासाठी निवडलेल्या धातूमुळे अखेर वेगालाच वेसण घालावी लागावी, हा दैवदुर्विलास नोंदवल्यावाचून राहवत नाही.

जन्मदाखल्याची मर्यादा

पत्रा हळवा आहे किंवा कसे, हे ओळखण्याची कसोटी उपलब्ध आहे. पत्र्याचा तुकडा ३० अंश तपमानाच्या तीव्र नायट्रिक आम्लात चोवीस तास बुडवून ठेवतात. सांध्यांतील संयुग विरघळले की स्फटिककण सुटून पडतात आणि तुकड्याचे वजन घटते. ही घट दर चौरस सेंटिमीटरला १५ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर पत्रा निर्दोष समजतात, २५ च्या वर गेली तर तो बाद होतो. मधल्या पत्र्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील नौकाबांधणीत सदोष पत्रा वापरला गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर २००३ मध्ये सागरी वापराच्या पत्र्यासाठी ‘बी ९२८’ हे स्वतंत्र मानक तयार झाले. त्यात ही कसोटी सक्तीची आहे.

येथवर सारे ठीक आहे. परंतु ही कसोटी लावली जाते ती कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कोऱ्या पत्र्याला. क्रूझर जहाजांना वापरलेला पत्राही त्याच्या काळचा सुधारलेला, कसोटीस उतरलेलाच होता. तो हळवा झाला नंतर, उष्ण समुद्रांतील उन्हात तापता तापता. मूल सुदृढ जन्मले याचा दाखला मिळाला, म्हणून ते पन्नाशीत निरोगी असेल अशी हमी कोणी देत नाही. पत्र्याच्या बाबतीत मात्र खरेदीच्या फायलीतील प्रमाणपत्र हेच अखेरचे वैद्यकीय प्रमाणपत्र मानण्याची चूक घडली.

ती चूक दुरुस्त करणे किती कठीण, हेही या जहाजांनी दाखविले. तडा गेलेल्या जागी नवे वेल्डिंग करावे, तर शेजारचा हळवा पत्रा त्या उष्णतेने आणि आकसण्याने पुन्हा चिरतो. एक तडा बुजवावा आणि दोन नवे मिळवावेत, असा तो व्यवहार. शेवटी तडे वेल्डिंगने न सांधता त्यांवर तंतुमय संमिश्राची ठिगळे चिकटविण्याचा मार्ग पत्करावा लागला. जुन्या वस्त्राला ठिगळ लावल्याने ते वस्त्र नवे होत नाही, दिवस तेवढे निघतात.

विमान उद्योगाने या बाबतीत अधिक शहाणपण दाखविले. जस्तयुक्त मिश्रधातूचे अधिकात अधिक बळ मिळविणारी प्रक्रिया ताणक्षरणालाही अधिकात अधिक आमंत्रण देते, हे कळल्यावर १९६० च्या सुमारास वेगळी उष्णताप्रक्रिया रूढ झाली. तीत दहा ते पंधरा टक्के बळ जाणूनबुजून सोडून द्यावे लागते, त्या बदल्यात टिकाऊपणा मिळतो. कागदावरचा मोठा आकडा सोडून वापरातील दीर्घ आयुष्य पदरात घेण्याचा तो सौदा होता. सरकारी खरेदीला नेमका हाच सौदा करता येत नाही, कारण निविदेत आकड्याला गुण मिळतात, आयुष्याला मिळत नाहीत.

कोची, मुंबई आणि कमीत कमी दर

भारताचा संबंध येथे येतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्यानंतर तटरक्षक दलाने मोठ्या संख्येने जलद गस्ती नौका घेतल्या. त्यांतील बऱ्याच नौकांचे बूड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. नौदलाने २०१७ मध्ये सेवेत आणलेल्या ‘किल्तान’ या जहाजासाठी मात्र कार्बन तंतूंच्या संमिश्राचा डोलारा निवडला, म्हणजे वजन घटविण्याचा दुसरा मार्ग येथेही परिचित आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या नौका दोन बुडांच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, आणि त्या कोचीन शिपयार्डमध्ये बांधलेल्या आहेत. मुंबईतही अशी सेवा आणण्याचा राज्य शासनाचा मनोदय असून, तिच्या व्यवहार्यतेचा अभ्यास २०२५ मध्ये कोची मेट्रोकडेच सोपविण्यात आला. तेव्हा नौकांच्या बाबतीतही कोचीचाच कित्ता गिरवला जाण्याचा संभव मोठा आहे.

तो गिरवू नये असे सुचविण्याचे कारण नाही. विजेवर चालणाऱ्या नौकेला बॅटरीचे ओझे वाहावे लागते. बूड जड केले, तर बॅटरी वाढवावी लागते आणि बॅटरी वाढविली की बूड आणखी जड होते. या चक्रातून सुटण्यास हलका धातू हाच व्यवहार्य मार्ग आहे. जगभर अ‍ॅल्युमिनियमच्या प्रवासी नौका दशकानुदशके चालत आल्या आहेत. पाण्याखालचा भाग पाण्याइतकाच थंड राहत असल्याने तेथील पत्रा हळवा होण्याचा वेग अत्यल्प असतो, हेही खरे. धोका आहे तो पाण्याच्या वर. मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचा डेक किंवा छत ६० अंशांच्या पुढे सहज जाते. यंत्राच्या धुराड्यालगतचा पत्रा बारमाही तापतो. त्याच पत्र्यावर खारे तुषार उडून वाळतात आणि मिठाचा थर धरतो. पावसाळ्यात मुंबई बंदरातील बऱ्याच प्रवासी फेऱ्या बंद राहतात, तेव्हा महिनेच्या महिने उभ्या राहणाऱ्या नौकांची निगा किती काटेकोर असते, हे किनाऱ्यावर फिरणाऱ्या कोणालाही सांगता येईल.

अडचण धातूची नाही, व्यवस्थेची आहे. सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम द्यावयाचे, उद्घाटनाची तारीख आधी ठरवावयाची, आणि देखभालीची तरतूद पुढील अंदाजपत्रकावर सोपवावयाची, ही सार्वजनिक कामांची सर्वपरिचित रीत आहे. सागरी सुरक्षेसाठी घेतलेल्या पोलीस नौका इंधन व देखभालीअभावी धक्क्याला बांधून राहिल्याबद्दल एकाहून अधिक राज्यांत लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले आहेत. उभी नौका डोळ्यांना दिसते, म्हणून ताशेरा तरी ओढता येतो. धावत्या नौकेच्या रंगाखाली वाढणारी चीर कोणत्या लेखापरीक्षकास दिसणार?

यावर उपाय महागडे नाहीत. नौकेसाठी आलेल्या प्रत्येक पत्र्याचा कारखान्यातील क्रमांक, त्याची कसोटी आणि नौकेवरील त्याची जागा यांची नोंद नौकेच्या आयुष्यभर जपली जावी, अशी अट निविदेतच असावी. तुकडा न कापता पत्र्याचा हळवेपणा मोजणारी हातातली उपकरणे आता निघाली आहेत. त्यांनी दर गोदीभेटीत उन्हात तापणाऱ्या जागा तपासाव्यात. छत व डेक फिकट रंगाचे असावेत आणि यंत्राजवळील पत्र्यास उष्णतारोधक अस्तर असावे. हळव्या पत्र्यावर आंधळेपणाने वेल्डिंग होऊ नये, म्हणून दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास प्रशिक्षण आणि लेखी पद्धत द्यावी. गोड्या पाण्याने रोज धुण्याइतकी साधी गोष्टही येथे औषधाचे काम करते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निविदांची तुलना खरेदीच्या किमतीवर न करता पंचवीस वर्षांच्या एकूण खर्चावर करावी.

या कामासाठी परदेशी सल्लागारांच्या दारी जाण्याचीही गरज नाही. नागपूरला अ‍ॅल्युमिनियमच्या संशोधनासाठीच स्थापन झालेले जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे केंद्र आहे. अंबरनाथला नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. जहाजांचे वर्गीकरण करणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. अंतर्देशीय नौकांच्या नोंदणी व तपासणीसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. ज्ञान, संस्था आणि कायदा असे तिन्ही एका राज्याच्या हाताशी असताना, ते एका मेजाभोवती आणण्याचे काम तेवढे उरते. मुंबईच्या पहिल्या नौकेची निविदा निघण्यापूर्वी ते झाले, तर खर्च कागदाचा होईल. नंतर करावयाचे ठरले, तर ते सेवा बंद ठेवून करावे लागेल, आणि दुर्दैव ओढवले तर त्याची किंमत पैशांत मोजता येणार नाही.

काडतुसांची पेटी एका कोपऱ्यात फुटली तेव्हा कोणाचे फारसे बिघडले नाही. सिल्व्हर ब्रिजच्या त्या दांड्यावर भरवसा ठेवून ४६ माणसे घरी निघाली होती. प्रवासी नौकेत चढणारा चाकरमानी तिचा पत्रा कोणत्या जातीचा आहे, हे विचारीत नाही आणि विचारण्याचे त्याला कारणही नसावे. ते त्याच्या वतीने कोणीतरी विचारलेले आहे, इतका विश्वास त्याला असतो. त्या विश्वासाला तडा जाऊ नये एवढी काळजी निविदेच्या पहिल्या पानापासून घेतली गेली, तर हलक्या धातूचा हिशेब पुढच्या पिढीला भारी पडणार नाही.